तिळारीच्या कालव्यावरून बारा जणांनी सायकलने जायचंय, कोणी केलंय का?

म्हापशेकर_पेडल

नमस्कार मंडळी. आमचा म्हापशातला सायकलचा ग्रुप आहे, दर रविवारी पहाटे साडेपाचला निघतो, कधी हळदोणे-खोर्जुवे तर कधी पोंबुर्फ्यावरून नदीच्या कडेकडेने. हायवेला आता जावंसंच वाटत नाही, ट्रकवाले अंगावर येतात आणि सोबत मुलं असली की पूर्ण वेळ मागे वळून बघण्यातच जातो. झालं असं की माझी चुलत बहीण इंग्लंडात स्विंडनला असते, तिने तिकडच्या कालव्याच्या कडेने सायकल चालवतानाचे फोटो पाठवले, एका बाजूला पाणी, एका बाजूला झाडं, गाडी एकसुद्धा नाही. तेव्हापासून डोक्यात बसलंय की अरे आपल्याकडे तिळारी धरणाचा कालवा आहेच की, त्याच्या बांधावरून रस्ताही दिसतो. तर दोडामार्गाकडून सुरुवात करून कालवा धरून खाली अस्नोड्याच्या बाजूला उतरायचं असा बेत आहे. एकूण बारा जण, त्यात दोन मुलं तेरा-चौदा वर्षांची आणि माझी एक मावशी, वय ६१, ती आमच्या सगळ्यांपेक्षा नेमाने चालवते. तिघांकडे रोड बाईक, म्हणजे पातळ टायरची सायकल, बाकी हायब्रिड आणि एमटीबी (माउंटन बाईक). रस्ता कसा आहे, परवानगी लागते का, कुठला महिना बरा, आणि मुलांना न्यावं का हे सांगा प्लीज. खरं सांगायचं तर मुलांचाच प्रश्न मोठा आहे, बाकीचं आम्ही बघून घेऊ.

चेन_आणि_ग्रीस

दोनदा केलंय, तुकड्या-तुकड्यात. आधी रस्त्याचं सांगतो. तो रस्ता म्हणजे कालव्याची देखभाल करणाऱ्यांची जीप जायला केलेली वाट. काही ठिकाणी मस्त मुरूम दाबलेला, काही ठिकाणी मधोमध गवत आणि दोन्ही बाजूंना चाकोऱ्या, आणि काही ठिकाणी पावसात भराव खचलाय तिथे वाट सायकलच्या हँडलएवढीच उरलीय. रोड बाईक अजिबात आणू नका, २५ मिमीचा पातळ टायर त्या खडीत टिकत नाही, आमच्यातल्या एकाने आणली आणि तीन पंक्चर काढले, तिसऱ्या वेळी पॅच संपले. एमटीबी किंवा जाड टायरची हायब्रिड, हवा थोडी कमी ठेवायची.

आता जे सांगतो ते नीट वाचा. पहिल्या वेळी आम्ही सात जण होतो, गप्पा मारत दोघं-दोघं जोडीने चाललो होतो. आमच्यातला एक मुलगा, एकवीस-बावीसचा, पाण्याच्या बाजूला होता. समोरून मोटारसायकल आली म्हणून त्याने कडेला घेतलं आणि पुढचं चाक कडेच्या भुसभुशीत मातीत गेलं. त्याने उडी मारली म्हणून तो काठावर राहिला, सायकल मात्र काँक्रीटच्या उतारावरून घसरत सरळ पाण्यात. आवाज पण फार नाही झाला. आम्ही वाकून बघतोय तोवर ती प्रवाहाबरोबर हळूहळू पुढे सरकायला लागली. तो उतार वरून साधा दिसतो, पण पाण्याच्या रेषेला हिरवं शेवाळ असतं, मी एक पाय ठेवून बघितला आणि लगेच काढला, साबणावर ठेवल्यासारखं. जवळच्या कुळागरात एक पाडेली नारळ पाडत होता, तो त्याची दोरी घेऊन धावत आला, दोरीला वाकवलेली सळी बांधून त्याने पंधरा-वीस मिनिटांनी सायकल ओढून काढली. सायकल निघाली हो, पण त्या जागी माणूस असता तर ती पंधरा-वीस मिनिटं कुठून आणली असती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून दुसऱ्या वेळी एकच नियम केला, एका मागोमाग एक, मध्ये दोन सायकलींचं अंतर, आणि सगळ्यांनी पाण्यापासून लांबच्या चाकोरीतून. गप्पा मारायच्या त्या कुठेतरी थांबल्यावरच. सगळ्यात पुढे एक माहीतगार, सगळ्यात मागे एक जण ज्याच्याकडे पंप, दोन ट्यूब आणि पंधरा मीटर दोरी. दोरी विसरू नका.

राय_ते_स्विंडन

मी मूळची सासष्टीची, सहा वर्षं झाली इथे स्विंडनला. फोटो बहुतेक केनेट अँड एव्हन कालव्याचे असणार, इथून ट्रेनने बाथला उतरायचं आणि तिथून कालवा धरून ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंत जायचं, पंधरा-सोळा किलोमीटर, आमच्या गोंयकार मंडळींची तर ठरलेलीच वाट आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही अकरा जण गेलो होतो, माझ्या सासूबाईसुद्धा.

पण दादा, दोन्ही गोष्टी एक नाहीत, हे मला सांगायचंच होतं. इथला तो रस्ता घोड्यांसाठी केलेला आहे. हा कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला, तेव्हा होड्यांना इंजिन नसायचं, माल भरलेली होडी घोडा काठावरून दोरीने ओढत न्यायचा, आणि घोडा चालायचा ती वाट म्हणजे टो-पाथ. जुन्या दगडी पुलांच्या खाली कोपऱ्यावर बोटभर खोल खाचा पडल्यात, वर्षानुवर्षं ओल्या दोऱ्या घासून, मी त्यात बोट घालून बघितलंय. होडी ओढायची म्हणून वाट पाण्याला लागून, जवळजवळ पाण्याच्याच पातळीला आणि सपाट. पाणी बहुतेक ठिकाणी जागच्या जागी असतं, वाहत नाही म्हटलं तरी चालेल, आणि काठाला साधारण कमरे-छातीएवढं. पडलं तर माणूस भिजतो, चिडतो आणि बाहेर येतो. धोका असतो तो लॉकपाशी, म्हणजे होड्या वर-खाली करायला जी दारांची खोल टाकी असते तिथे. डिव्हायझेसला केन हिलवर अशी २९ लॉक एका चढावर आहेत, त्यातली १६ तर एका सरळ रेषेत, बघण्यासारखी जागा आहे पण तिथे आम्ही सगळे उतरून सायकल हातात धरून चाललो.

तिळारीचा कालवा शेतीला आणि नळाला पाणी न्यायला केलाय, पाणी पुढे ढकलणं हेच त्याचं काम, म्हणून ते सतत वाहतं आणि म्हणून कडा उतरत्या आणि काँक्रीटच्या. फोटोत दोन्ही सारखे दिसतात. पडलेल्या माणसाला सारखे नाहीत.

इथली एक सवय मात्र जरूर घ्या. टो-पाथवर पहिला हक्क चालणाऱ्याचा. पुलाखाली किंवा वळणावर घंटी वाजवायची, वेग कमी करायचा, समोरून कुत्रा घेऊन कोणी आलं की थांबायचं आणि थँक्यू म्हणायचं. ग्रुपने गेलं की लोकांना वाटतं आता रस्ता आपलाच, तसं करू नये.

साळकर_बागायत

वरच्या ताईंचं शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं, कारण मी त्या बांधावर राहणारा माणूस आहे. सायकलवाल्यांचा मला राग नाही, गाडीपेक्षा सायकल कधीही चांगली. पण तो बांध म्हणजे आमचा रोजचा रस्ता, त्यावरून पॉवर टिलर जातो, गुरं जातात, काजूच्या दिवसांत डोक्यावर बोंडांच्या टोपल्या घेऊन बायका येतात. त्यांना मागून जोरात घंटी मारली की त्या दचकून कुठल्या बाजूला सरकणार ते सांगता येत नाही, आणि एका बाजूला पाणी आहे.

दुसरं म्हणजे गेटांना हात लावू देऊ नका. मुलं सोबत आहेत म्हणून मुद्दाम लिहितो. दोन वर्षांपूर्वी कुठलातरी पिकनिकचा ग्रुप आला, त्यातल्या पोरांनी उपकालव्याच्या गेटाचं चाक खेळ म्हणून फिरवलं आणि गेले निघून. रात्रभर पाणी माझ्या शेजाऱ्याच्या वायंगणात, म्हणजे उन्हाळी भातात. रोप लावून आठ दिवस झाले होते. सकाळी तो बिचारा गुडघाभर चिखलात उभा राहून रोपं हाताने गोळा करत होता, अर्धी तर वाहून पार खालच्या व्हाळात गेलेली. कोणी केलं हे कळलंही नाही, मग भरपाई मागायची कोणाकडे.

परवानगीचं विचारलंय तर ऐका. हा प्रकल्प महाराष्ट्र आणि गोव्याचा मिळून आहे, १९९० च्या करारात गोव्याचा वाटा ७३.३० टक्के ठरला. धरण आणि कालव्याचा वरचा भाग महाराष्ट्रात, खालचा आपल्याकडे. म्हणजे दोडामार्गाकडून निघणार तर दोन्हीकडच्या जलसंपदावाल्यांना विचारायला हवं, एकाने हो म्हटलं म्हणून दुसऱ्याच्या हद्दीत चालत नाही. एक साधं पत्र द्या, तारीख, किती माणसं, कुठून कुठे. त्याचा फायदा तुम्हालाच. कुठे काम चाललंय, कुठे बांध खचलाय हे तेच सांगतील. हा कालवा मध्येमध्ये फुटतो हे बार्देशकरांना सांगायला नको, फुटला की अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला पाणी येत नाही आणि तुमच्या म्हापशात बादल्या बाहेर येतात. दुरुस्ती चालू असली की बांधावर टिपर आणि जेसीबी असतात, तेव्हा सायकल आणूच नये.

आणि दोडामार्गाच्या बाजूला हत्ती आहेत. वीसेक वर्षांपूर्वी कर्नाटकातून आले ते तिथेच रमले. २०२५ च्या सप्टेंबरात त्यातला ओंकार तर पेडण्यात मोपा-तांबोसेपर्यंत उतरला होता आणि भातात, केळीत फिरत होता. तुम्ही पहाटे साडेपाचला निघता म्हणता, तिकडे तसं करू नका. उजाडू द्या, गावात चहा घ्या, आज हत्ती कुठे आहे ते विचारा, लोकांना माहीत असतं.

मानसीकडचा

मुलांसाठी एक दुसरी जागा सुचवतो, पटली तर बघा. जुन्या गोव्याहून फेरी पकडून दिवाडीला जा, किंवा रायबंदरहून चोडणला. फेरीत सायकल चढते, मुलांना तर तोच अर्धा आनंद. खाजनाच्या, म्हणजे खारं पाणी बांधाने अडवून राखलेल्या सखल शेताच्या बाजूने हळूहळू फिरा. बांधावर मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची मोरी, दिसली की थांबा, तिची लाकडी दारं भरतीचं पाणी चढलं की पाण्याच्याच दाबाने बंद होतात आणि ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतात, मोटर नाही की माणूस नाही. भरती-ओहोटीची वेळ बघून गेलात तर मुलांना डोळ्यांसमोर दार हलताना दिसेल. माझ्या पुतण्याने पाऊण तास तिथून हलायला नकार दिला होता. पाण्याच्या कडेने सायकल कशी चालवायची, ओळ कशी धरायची, हे तिथे शिकू दे, तिळारी कुठे पळून जात नाही. फक्त बांधाच्या मातीवर सायकल चढवू नका, ओल्या दिवसांत चाकाने चर पडतात आणि खारं पाणी तिथूनच वाट काढतं, मग एका भेगेपायी अख्खं खाजन खारं होतं. रस्त्यावर सायकल लावायची आणि बांधावर पायी जायचं.

चेन_आणि_ग्रीस

दिवाडीला +१. महिना विचारलेला तो राहिलाच. मी डिसेंबर-जानेवारी म्हणेन, ऊन सोसतं आणि वाट सुकलेली असते, पण तेव्हाच कालव्यात पाणी पण भरपूर असतं हे लक्षात ठेवा. मार्चनंतर दहा वाजता काँक्रीटवरून जी झळ येते ती मावशींना नको. आणि तिळारी नदीत मगरी आहेत, त्यामुळे वाटेत घाम आला म्हणून कोणी नदीत पाय सोडून बसायचं नाही, कितीही शांत दिसली तरी.

म्हापशेकर_पेडल

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री ग्रुपवर हे सगळं वाचून दाखवलं. पाडेलीच्या दोरीचं वाचलं तेव्हा कोणी काही बोललं नाही, मग मावशीच म्हणाली की मुलांना या खेपेला न्यायचं नाही, मी पण त्यांच्यासोबत दिवाडीला जाते, कालवा तुम्ही आधी बघून या. तर असं ठरलंय की येत्या रविवारी मुलं, मावशी आणि दोघं-तिघं दिवाडीला. दोन्हीकडे पत्रं सोमवारी देतो. कालव्यावर आधी आम्ही तिघंच जाणार, तेही फक्त गोव्याच्या हद्दीतला तुकडा आणि सायकल न घेता, पायी. कुठे खचलंय, कुठे वाट अरुंद होते, पाण्यात उतरायच्या पायऱ्या कुठे आहेत ते लिहून आणायचं आणि मगच बाकीच्यांना न्यायचं. रोड बाईकवाले तिघे रुसलेत पण त्यांना भाड्याने एमटीबी मिळते का बघतो.

साळकर काका, तुमच्या भागातून जाऊ तेव्हा भेटलं तर चालेल का? गेटं कुठली आणि लोकांची जायची-यायची वेळ कुठली हे तुमच्याकडूनच समजून घ्यायचंय.

साळकर_बागायत

या की. सकाळी नऊनंतर या, तोवर पाणी लावून मी मोकळा होतो. शेजाऱ्यालाही बोलावतो, ज्याचं वायंगण गेलं तो, त्याला बांधाचा प्रत्येक दगड माहीत आहे आणि सायकलवाल्यांशी त्याने एकदा समोरासमोर बोलावं असं मला फार वाटतं. पायऱ्या दोनच ठिकाणी धड आहेत, त्या दाखवतो. पायात चप्पल नको, बूट घाला, गवतात फुरसं असतं.