जुनी मोठी अमेरिकन सेडान: घ्यावी की नाही? माझं मत, घ्यावी

हुरॉनकाठ (धागाकर्ता)

डेट्रॉइटच्या आसपास, म्हणजे नोव्ही, ट्रॉय, कँटन या भागात पुण्याहून आलेली आपली मंडळी भरपूर. त्यातले बरेचजण गाड्यांच्याच धंद्यात. तरी नवीन आलेल्या कुणी 'जुनी गाडी कुठली घेऊ?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं: डोळे मिटून टोयोटाची कॅमरी घे, नाहीतर होंडाची अकॉर्ड. हे डोळे मिटणं मला पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्याला कुटुंबासाठी, लांबच्या प्रवासासाठी, दहा-बारा हजार डॉलरच्या आत गाडी घ्यायची आहे त्याने आधी मोठी अमेरिकन सेडान बघावी आणि मग बाकीच्या. मोठी म्हणजे ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या) वर्गवारीतली 'लार्ज': आतली जागा आणि डिक्की मिळून १२० घनफूट किंवा जास्त. शेवरले इम्पाला, फोर्ड टॉरस, क्रायसलर ३००, डॉज चार्जर. टॉरस इथे मार्च २०१९ मध्ये बंद झाली, इम्पाला फेब्रुवारी २०२० मध्ये, ३०० आणि पेट्रोलवरची जुनी चार्जर २०२३ च्या अखेरीस. गिऱ्हाईक एसयूव्हीकडे वळलं म्हणून त्या बंद झाल्या. आणि गिऱ्हाईक नाही म्हणूनच तेवढ्याच वयाच्या, तेवढ्याच मैलांच्या कॅमरीपेक्षा इम्पाला स्वस्त मिळते.

इम्पाला म्हणजे २०१४ चं मॉडेल म्हणून नव्याने आलेली; विक्री २०१३ मध्येच सुरू झाली. गाड्या स्वतः तपासणाऱ्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाने जुलै २०१३ मध्ये तिला १०० पैकी ९५ गुण देऊन सगळ्या सेडानांत पहिलं ठेवलं होतं. त्याआधीची किमान वीस वर्षं हा मान कुठल्याच अमेरिकन सेडानला मिळाला नव्हता. ३.६ लिटरचं व्ही-६ (सहा सिलिंडरचं) इंजिन, ३०५ अश्वशक्ती, डिक्की १८.८ घनफूट, त्याच काळातल्या कॅमरीची १५.४. शिकागोच्या ओहेअरवर उतरलेल्या आईबाबांना बॅगांसकट घेऊन आय-९४ ने चार-साडेचार तास परत येताना हा फरक मागे बसलेल्यांना विचारा.

एकच सावधगिरी. २०१४ ते २०१६ या वर्षांत आधीच्याच पिढीची इम्पाला 'इम्पाला लिमिटेड' या नावाने भाड्याच्या कंपन्या आणि सरकारी खात्यांसाठी बनत राहिली. जाहिरातीत तो 'लिमिटेड' कधीकधी गळलेला असतो. वर्ष तेच, नाव तेच, गाडी वेगळी. फोटोत मागचे दिवे नीट बघा.

नीरा (न्यू जर्सी)

असहमत, आणि ठामपणे. तुम्ही गाडीचा विचार केलात, घेणाऱ्याच्या व्हिसाचा केला नाहीत.

एच-१बीवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर देशात राहायला फार तर ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची, नाहीच जमली तर घराचा करार मोडायचा, मुलांचे शाळेचे दाखले काढायचे, सामान पाठवायचं, आणि गाडी विकायची. २०२२-२३ मध्ये टेक कंपन्यांनी माणसं काढली तेव्हा आमच्या कॉम्प्लेक्समधल्या कुटुंबांची ही धावपळ मी जवळून पाहिली आहे. कॅमरी किंवा सिव्हिकची जाहिरात टाकली की संध्याकाळपर्यंत फोन येतात. बंद झालेल्या मॉडेलची मोठी सेडान पार्किंगमध्ये उभी राहते आणि शेवटच्या आठवड्यात डीलर म्हणेल त्या भावाने जाते. तुम्हाला ती स्वस्त मिळते ज्या कारणाने, त्याच कारणाने ती विकतानाही स्वस्त जाणार.

हुरॉनकाठ

नीराताई, मुद्दा खरा आहे, पण हिशोब पूर्ण करू. समजा कॅमरी १४ हजाराला घेतली आणि घाईत ११ ला विकली. तीन हजार गेले. तशीच इम्पाला १० ला घेतली आणि अगदी पडेल भावाने ७ ला दिली. तेवढेच तीन गेले, आणि मधल्या काळात चार हजार डॉलर बँकेत होते. नोकरी गेलेल्या माणसाला ते चार हजार गाडीच्या पत्र्यात अडकलेले बरे की हातात?

हिशेबनीस

मग पेट्रोलचाही हिशोब मांडा. इम्पाला व्ही-६ शहर-हायवे मिळून गॅलनला सुमारे २२ मैल देते, चार सिलिंडरची कॅमरी सुमारे २८. वर्षाला १२,००० मैल धरले तर ५४५ गॅलन विरुद्ध ४२९. भाव साडेतीन डॉलर धरा, वर्षाला चारशेच्या आसपास फरक. पाच वर्षांत दोन हजार. वाचवलेल्या चार हजारांतले निम्मे इथेच गेले. कॅमरी हायब्रिडशी तुलना केलीत तर उरलेलेही जातील.

पिस्टन

मी इंजिन टेस्टिंगमध्ये काम करतो आणि घरच्या गाड्या स्वतःच दुरुस्त करतो. दोन्ही बाजू 'अमेरिकन सेडान' अशी एकच जात असल्यासारखं बोलताहेत. तशी जात नाही. इंजिनागणिक वेगळं बोलावं लागेल.

टॉरस. ३.५ लिटर व्ही-६ मध्ये पाण्याचा पंप इंजिनाच्या आत आहे आणि तो टायमिंग चेनवर, म्हणजे झडपांची वेळ राखणाऱ्या साखळीवर फिरतो. एरवी पंप बाहेर असतो. गळला तर जमिनीवर डाग दिसतो, दुपारभरात बदलून होतो. इथे पंपाचं सील गेलं की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) तेलात उतरू शकतं. तसं झालं तर बेअरिंगं जातात, म्हणजे इंजिनच जातं. वेळेत कळलं तरी पुढचं कव्हर आणि चेन उतरवल्याशिवाय पंपाला हात लागत नाही, त्यामुळे मजुरीच दोन हजारांच्या पुढे जाऊ शकते. गाडी बघायला गेलात तर थंड इंजिनाची डिपस्टिक (तेल बघायची पट्टी) काढून पुसा, पुन्हा घाला, काढा. तेल दुधाळ दिसलं की चर्चा संपली. अल्टरनेटरच्या मागे इंजिनाला एक बारीक छिद्र असतं, तिथे कूलंट सुकल्याची पुटं आहेत का तेही टॉर्च मारून बघा. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला होतो तो असा.

क्रायसलर ३०० आणि चार्जरमधलं ३.६ लिटरचं 'पेंटास्टार' इंजिन. यात दोन जुनी दुखणी. तेलाच्या फिल्टरचं प्लास्टिकचं हाउसिंग इंजिनाच्या वरच्या खोबणीत, इनटेकखाली (हवा आत नेणाऱ्या भागाखाली) बसवलंय. ते तडकलं की तेल आतल्या आत साठतं आणि मागून गिअरबॉक्सच्या तोंडावर ओघळतं. काही मेकॅनिक ते बघून मागचं सील गेलं म्हणतात आणि भलतंच बिल लावतात. दुसरं, रॉकर आर्मची टिकटिक. सकाळी पहिल्यांदा सुरू करून ऐका. विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

इम्पालाचं ३.६. जनरल मोटर्सच्या २००७ ते २००९ च्या ३.६ मध्ये टायमिंग चेन ताणल्याच्या तक्रारी खूप होत्या. २०१२ नंतरचं इंजिन सुधारलेलं आहे, तरी चेनचं आयुष्य तेलावरच. तेल बदलल्याच्या पावत्या नसतील तर मी ती गाडी घेणार नाही, मग रंग कितीही चकचकीत असो.

सुट्या भागांची भीती मात्र थोडी अतिरंजित वाटते. हेच इंजिन याच कंपनीच्या एसयूव्हीतही होतं. दिवे, बंपर, दाराच्या पट्ट्या यांचं पुढेमागे अवघड होईल, इंजिनाचं नाही.

अप्पा (ओहायो)

फोर्डच्या क्राउन व्हिक्टोरियाचं नावही कुणी काढलं नाही? मी या देशात आलो तेव्हा पोलीस त्यात, टॅक्सीवाले त्यात, निवृत्त आजोबा तिच्याच बहिणीत, ग्रँड मार्क्विसमध्ये. वेगळी चासी, त्यावर बॉडी, ४.६ लिटरचं व्ही-८, मागच्या चाकांना ताकद. कुठल्याही गावातला मेकॅनिक डोळे बांधून खोलतो. ओंटारिओतल्या सेंट थॉमसच्या कारखान्यातून शेवटची सप्टेंबर २०११ मध्ये बाहेर पडली, तरी आजही रस्त्यावर दिसते. १९९६ ते २००१ मधल्यांचा प्लास्टिकचा इनटेक तडकायचा, तेवढा बदललाय का बघायचं. पोलिसांकडून निवृत्त झालेली असेल तर मैलांपेक्षा तासांचं मीटर बघा; उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्याचा एक तास साधारण ३३ मैलांएवढा धरतात. आजोबांची ग्रँड मार्क्विस मिळाली तर अजिबात सोडू नका.

नीरा (न्यू जर्सी)

अप्पा, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगते, लहान मुलं असलेल्या घराला ही गाडी सुचवू नका. गाडी घसरायला लागली की चाकागणिक ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी स्टॅबिलिटी कंट्रोल यंत्रणा सप्टेंबर २०११ पासून इथल्या बाजारासाठी बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारला सक्तीची झाली. क्राउन व्हिक्टोरियाला ती शेवटपर्यंत मिळाली नाही. छतातून उतरणारे पडद्याचे एअरबॅगही नाहीत. आणि ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी, मिशिगन-ओहायोच्या बर्फात, भारतातून येऊन पहिलाच हिवाळा काढणाऱ्या माणसाच्या हातात. ती टिकते याबद्दल वाद नाही. आतली माणसं टिकायला हवीत.

अप्पा (ओहायो)

बर्फाचे टायर घालून आम्ही अनेक हिवाळे काढले. पण नवशिक्याला देऊ नका हे मान्य.

सातारकर

मोठीच हवी तर टोयोटा अ‍ॅव्हलॉन घ्या. आयआयएचएसने (विमा कंपन्यांच्या सुरक्षा-चाचणी संस्थेने) २०१७ मध्ये मोठ्या सेडान तपासल्या तेव्हा अ‍ॅव्हलॉनला 'टॉप सेफ्टी पिक प्लस' मिळालं, इम्पाला आणि टॉरसला मिळालं नाही. आणि बनायचीही केंटकीत, जॉर्जटाउनला. तुमची ३०० कॅनडात बनायची. मग अमेरिकन कुठली?

हुरॉनकाठ

अ‍ॅव्हलॉन उत्तम गाडी आहे, वादच नाही. पण ती उत्तम आहे हे बाजारालाही माहीत आहे आणि भावात ते दिसतं. कुठे बनली याचा मला अभिमानाच्या अंगाने फरक पडत नाही. ज्याला पडतो त्याने व्हिनचा (गाडीच्या ओळख क्रमांकाचा) पहिला आकडा बघावा: १, ४, ५ अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको. इम्पाला १ चीही सापडते आणि २ चीही.

मंजिरी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आईबाबांच्या सोयीसाठी सेडान हे सगळे इतक्या सहज म्हणताहेत, म्हणून लिहिते.

गुडघे दुखणाऱ्या माणसाला अडचण गाडीत बसून राहण्याची नसते, बसण्या-उठण्याची असते. सीट खाली असली की बसताना कंबर गुडघ्यांच्या खाली जाते आणि उठताना सगळा भार मांड्या आणि गुडघ्यांवर येतो. माझ्याकडे येणारे ज्येष्ठ दाराला धरून, चौकटीला धरून स्वतःला ओढून काढतात, आणि मग खांदा दुखतो म्हणून परत येतात. मध्यम उंचीच्या क्रॉसओव्हरमध्ये सीट साधारण कंबरेला लागते. नुसतं मागे टेकायचं आणि वळायचं. पाय पसरायला कितीही जागा असू द्या, आत शिरता आलं पाहिजे. साडी नेसणाऱ्या सासूबाईंना तर खाली वाकून आत जाणं आणखी जड. डिक्कीचंही तसंच. घनफूट मोजताय, पण सेडानच्या डिक्कीचं तोंड अरुंद असतं. मोठी बॅग उचलून, कलती करून आत घालावी लागते.

हुरॉनकाठ

मंजिरी, हा या धाग्यातला सगळ्यात वजनदार विरोध आहे. माझ्या बाजूने एवढंच की उंच एसयूव्हीत चढतानाही पायरी लागते, आणि सेडानांतही सगळ्यांची बैठक सारखी नाही. टॉरसची सीट बरीच उंच आहे.

पिस्टन

आणि पंप टॉरसचाच आत आहे. म्हणजे गुडघे वाचवायचे की इंजिन, हे आधी ठरवा.

मंजिरी

गुडघे. ते बदलणं पंपापेक्षा महाग आहे.

लान्सिंगचा विद्यार्थी

मी मास्टर्सला आहे. २०१० ची चार्जर सात हजारात मिळतेय, दिसायला जबरदस्त. घेऊ का? डीलर म्हणतो 'अ‍ॅज इज' आहे पण गाडी एक नंबर.

पिस्टन

नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये क्रायसलरच्या मूळ कंपनीने २००५ ते २०१० च्या मॅग्नम, चॅलेंजर, चार्जर आणि ३०० च्या मालकांना स्पष्ट सांगितलं की टकाटा या कंपनीचा एअरबॅग बदलून घेतल्याशिवाय गाडी चालवूच नका. त्या एअरबॅगचा इन्फ्लेटर (पिशवी फुगवणारी डबी) फुटून धातूचे तुकडे चालकाच्या अंगावर येतात. माणसं गेली आहेत. हे रिकॉलचं (कंपनीने गाड्या परत बोलावून करायचं) काम फुकट होतं, तरी न केलेल्या गाड्या बाजारात फिरतात. एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा खात्याच्या साइटवर व्हिन टाकून कुठल्याही गाडीचे बाकी रिकॉल दोन मिनिटांत दिसतात. शिवाय तुझ्या वयाला चार्जरचा विमा किती येतो ते आधी विचार, मग 'जबरदस्त' म्हण.

'अ‍ॅज इज' म्हणजे आहे तशी, नंतर डीलर जबाबदार नाही; पदरी पडलं ते पवित्र. खिडकीवर लावलेला 'बायर्स गाइड'चा कागद वाच. डीलर तोंडाने काय म्हणाला ते त्यात लिहिलेलं नसेल तर त्याला काही अर्थ नाही.

लान्सिंगचा विद्यार्थी

बरं, चार्जर रद्द. टोलेडोमध्ये एका आजींची २०१५ ची इम्पाला आहे, व्ही-६, लिमिटेड नाही, तपासलं. शनिवारी बघायला जातोय. काय काय बघू?

नीरा (न्यू जर्सी)

तू विद्यार्थी, पुढे नोकरी कुठल्या राज्यात लागेल माहीत नाही. मी अजूनही सांगेन, कॅमरी.

हुरॉनकाठ

आणि मी सांगेन, आजींकडे पावत्यांची फाइल आहे का विचार. असेल तर ही तुझी गाडी.

पिस्टन

टोलेडो म्हणजे मिठाच्या रस्त्यांचा इलाखा. दारांखालची पट्टी हाताने चाचप, बोट आत जात असेल तर पत्रा गेलाय. ब्रेकच्या नळ्या आणि सबफ्रेम (इंजिन पेलणारी खालची चौकट) खालून बघ. वरचा गंज चालतो, पापुद्रे सुटत असतील तर नाही. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, टोकाला चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. टायटल (मालकीचा कागद) स्वतः वाच, आजींच्या नावावर हवं आणि त्यावर 'सॅल्व्हेज' (भंगारात काढलेली) किंवा 'रीबिल्ट' (त्यातून पुन्हा उभी केलेली) नको. मिशिगनमध्ये गाडीची सक्तीची तपासणी होत नाही, त्यामुळे तुझ्याऐवजी दुसरं कुणी हे बघणार नाही. जवळच्या स्वतंत्र गॅरेजची वेळ आधीच ठरवून जा, शंभर-दीडशे डॉलर घेतील. आजी गाडी लिफ्टवर चढवायला नको म्हणाल्या तर आभार मानून परत ये.