मोजा टाचेवरून वर जातच नाही, उसवू का?

बाबांसाठी पहिल्यांदाच मोजे विणतेय, पाच सुयांवर, 64 टाके. वरची दोन सुलट दोन उलटची पट्टी दिसते मस्त पण पायात चढवताना टाचेवर अडकतेय आणि टाचेच्या दोन्ही कोपऱ्यांत करंगळी जाईल एवढी भोकं पडलीयेत, बाबा म्हणतात राहू दे हवा खेळेल 😅

– उसव गं. टाके घट्ट घातलेस. दोन सुया एकत्र धरून त्यावर टाके घाल आणि मग एक सुई ओढून काढ, कड सैल राहते. माझा पहिला मोजा सध्या पाण्याच्या बाटलीला घातलाय.

– भोकांसाठी, कडेचे टाके उचलताना कोपऱ्यात एक टाका जास्तीचा उचल, पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर दोनाचा एक कर. आणि फेऱ्या कागदावर लिहून ठेव बाई, मी लिहिल्या नाहीत तर दुसरा मोजा बोटभर लांब झाला.

– उसवला!! लोकर पार मॅगीसारखी झालीये.

– लडी करून कोमट पाण्यात बुडव, न पिळता वाळव. होते सरळ.