मदत हवी आहे: डोंगरपायथ्याच्या सेस्मिक डेटाचं डेप्थ मायग्रेशन

नमस्कार मंडळी. कॅनडात अल्बर्टामधल्या रॉकीज पर्वताच्या पायथ्याच्या एका २डी लाइनवर (जमिनीवर एका रेषेत घेतलेल्या सेस्मिक, म्हणजे जमिनीखालून परतणाऱ्या लहरींच्या नोंदी) दोन महिने अडकलोय. तिचं डेप्थ मायग्रेशन, म्हणजे त्या लहरींवरून थरांची खरी जागा आणि खोली काढणं, जमत नाहीये. थ्रस्टमुळे (दाबाने खडक तुटून एकमेकांवर सरकल्यामुळे) थरांवर थर चढलेले, वर तीव्र उताराचे शेल (चिखलापासून बनलेले, पातळ थरांचे खडक) आणि त्यांच्याखाली आपल्याला हवा तो चुनखडक. आयसोट्रॉपिक मायग्रेशनमध्ये (लहरीचा वेग सगळ्या दिशांना सारखा धरला की) चुनखडकाची घडी विहिरीत सापडलेल्या जागेपासून बाजूला सरकते. शेलमध्ये लहर थरांच्या दिशेने वेगाने जाते, थरांना काटकोनात हळू. म्हणजे कलती अ‍ॅनिसोट्रॉपी (थरांच्या उताराप्रमाणे कललेला, दिशेनुसार बदलणारा वेग) धरावीच लागणार. पण विहीर एकच! अशा वेळी एप्सिलॉन आणि डेल्टा (हा दिशेनुसारचा वेगफरक मोजणारे दोन आकडे) तुम्ही कशावरून ठरवता? शिवाय, मायग्रेशन थेट जमिनीच्या चढउतारावरूनच करता ना? सगळा डेटा सपाट डेटमवर (एका ठरावीक उंचीच्या काल्पनिक पातळीवर) आणला की उथळ भागातले वेग बिघडतात, असा माझा अनुभव. कुणी अशा भागात काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.