शब्दचर्चा: 'संमिश्र भावना', चुटपुट, घालमेल की 'सोडवत नाही'?

प्रश्न

इंदूरला रामबागेत वाढलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. गेले दोन महिने रात्री जेवणं उरकली की 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' खेळत होतो. मार्च २०१७ मध्ये आलेला निन्टेंडोचा खेळ, माझ्या हाती उशिरा लागला. परवा संपवला. आत्या शेजारी तांदूळ निवडत बसली होती. मराठी शिकवण्यात तिची सगळी नोकरी गेली. तिनं विचारलं, "मग, कसा वाटला?" मी म्हणालो, "संमिश्र भावना आहेत." ती म्हणाली, "हे वर्तमानपत्रातलं झालं. तुला काय होतंय ते सांग."

मला सांगता येईना. या खेळाचा नायक शंभर वर्षांच्या झोपेतून उठतो, त्याला मागचं काही आठवत नसतं. सुरुवातीच्या पठारावरून खाली उतरलं की सगळा मुलूख मोकळा. दिसेल त्या डोंगरावर चढा, नाहीतर थेट किल्ल्यात जाऊन शेवटच्या शत्रूला भिडा, कुणी अडवत नाही. इतकं मोकळं मला दुसऱ्या कुठल्या खेळात वाटलेलं नाही. पण अर्धा कडा चढून जावं आणि पाऊस यावा. दगड निसरडा होतो, पाय घसरतो, चढलेलं वाया जातं. जिवावर उदार होऊन मिळवलेली तलवार चार लढायांत मोडते. वैताग आला, आणि आवडलाही जीव ओवाळून टाकावा इतका. आता संपल्यावर आणखीच काहीतरी होतंय. याला मराठीत काय म्हणाल?

प्रतिसाद

दादा, एकच नाम शोधत बसलात तर 'संमिश्र भावना'वरच याल. त्याऐवजी कुठल्या शब्दाला कुठलं क्रियापद लागतं ते बघा. चुटपुट *लागते*, रुखरुख *राहते*, घालमेल *होते*. चुटपुट ताजी असते. फलाटावर पोचावं आणि गाडीचा शेवटचा डबा दिसावा, ती चुटपुट. रुखरुख मुरलेली. एखाद्याला शेवटचं भेटायचं राहून गेलं, ती वर्षानुवर्षं राहते. तुमची तलवार मोडली ती चुटपुट म्हणायची, दुसरी मिळाली की गेली.

घालमेल मात्र जपून वापरा. मी ग्वाल्हेरची, त्यामुळे हे रोज अनुभवते. जिवाची घालमेल होते म्हणाले की आपल्या घरात कुणीतरी पाणी आणून देतं. शेजारच्या हिंदी घरात 'घालमेल' म्हणजे कुणीतरी हिशेबात गडबड केली. तसा तो अर्थ मराठीतही आहे, पण आपल्या कानावर आधी जीव येतो.

प्रश्नकर्ता

ताई, चुटपुट पटली, पण तलवारीचं पूर्ण सांगतो. मोडायच्या बेतात आली की पडद्यावर तशी सूचना येते. ती दिसली की मी ती तलवार पाठीला लावतो आणि दुसरी काढतो. खरं तर मोडतानाचा शेवटचा घाव नेहमीपेक्षा जोरात बसतो, म्हणजे वापरण्यातच शहाणपण. तरी माझा हात आखडतो. अशी सहा-सात हत्यारं शेवटपर्यंत तशीच वागवली. न मोडणारी तलवार एकच आहे, आणि तीसुद्धा दमते, दहा मिनिटांनी परत हाती येते. तर न मोडलेल्या तलवारीची चुटपुट कशी लागेल?

प्रतिसाद

आता तुम्ही नेमकं सांगितलंत. ही चुटपुट नाही. तुम्हाला ती *मोडवत नाही*.

मला वाटतं तुमचं उत्तर इथे आहे, नामात नाही. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात: बघवत नाही, टाकवत नाही, बोलवत नाही. शाळेत 'आजाऱ्याला आता चालवतं' असं उदाहरण असतं, म्हणून आपण समजतो की हे फक्त ताकदीबद्दल आहे. पण 'मला बघवत नाही' म्हणणाऱ्याचे डोळे चांगले असतात.

माझ्या कानाला आणखी एक फरक जाणवतो. 'माझ्याने चढवत नाही' म्हटलं की दम संपला. 'मला सोडवत नाही' म्हटलं की दम आहे, मन तयार नाही. हा भेद सगळे काटेकोर पाळतात असं नाही, तरी ऐकून बघा. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच रूपात बसतात. पावसात कड्यावर नायकाच्याने चढवत नाही, आणि खेळ तुम्हाला सोडवत नाही. हिंदीतही 'छोड़ा नहीं जाता' आहे, पण तिथे 'मुझसे' येतं. 'माझ्याने' आणि 'मला' यांतली निवड आपली, ती हिंदीच्या नादानं घालवू नका.

प्रश्नकर्ता

ताई, हे वाचून बराच वेळ नुसता बसून राहिलो. 'सोडवत नाही' मी दिवसातून दहा वेळा म्हणत असेन आणि एवढा जवळचा शब्द मला सुचला नाही याचं वाईट वाटलं.

शेवटाबद्दल सांगायचं राहिलं. शेवटच्या शत्रूला मारलं की श्रेयनामं येतात, आणि मग खेळ तुम्हाला त्या लढाईच्या आधी आणून सोडतो. तुमच्या नोंदीपुढे एक चांदणी आणि नकाशावर टक्का, बाकी राज्य तसंच, संकट तसंच. दगडांखाली, झाडांच्या शेंड्यांवर पानाचा मुखवटा घातलेली छोटी वनदेवतं लपलेली असतात, त्यांच्याकडच्या बिया एकूण ९००. हत्यारांची झोळी पुरती वाढवायला ४४१ पुरतात. म्हणजे उरलेल्या निम्म्याहून अधिक कुठल्याच कामाच्या नाहीत. माझ्याकडे दोनशेही नाहीत.

काल रात्री आत्याला म्हणालो, "सोडवत नाही गं." ती काही बोलली नाही. तांदळाचं ताट बाजूला ठेवून चष्मा पुसला आणि पडद्याकडे बोट करून विचारलं, "त्या पलीकडच्या सुळक्यावर एकटाच दगड दिसतोय, त्याच्याखाली पाहिलंस का?"

पाहिलं नव्हतं. वर पाऊस लागला. थांबेपर्यंत आम्ही दोघं कड्याखाली शेकोटी पेटवून बसलो.