हलका टिपिंग (उचलून माल ओतणारा) ट्रेलर घेऊ का? वजनाचं गणित जुळत नाही

डिचोलीकर: मिनी एक्स्कॅव्हेटर (खोदाईचं छोटं मशीन) ३ टनांचा, दगड फोडायचा ब्रेकर आणि बकेट धरून साडेतीन. गोव्यातच साखळी, वाळपई या गावांना ट्रॅक्टरनं न्यायचा; एरवी त्याच ट्रेलरमधून चिरे (बांधकामाचे जांभे दगड), माती. पाहिलेल्या ट्रेलरच्या आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) मालासकट एकूण वजन ५ टन, रिकामा १.९. विकणारा म्हणतो, "चालता रे, कोण बघता!"

फोंड्याचा फिटर: ५ वजा १.९ म्हणजे ३.१. तुमचं मशीन तिथंच बाद. शिवाय रॅम्प, साखळ्या, डिझेल कोण मोजणार? मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. जादा माल उतरवायला लावतात ते वेगळंच. हाय-टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादी पत्र्याचा बघा. पत्रा पातळ, म्हणून रिकामं वजन कमी. पण तळाला आडवे चॅनल (आधाराच्या लोखंडी पट्ट्या) एकमेकांच्या जवळ हवेत, नाहीतर चिरे ओतून ओतून परातीसारखा खोलगट होतो. माझा झालाय.

सत्तरीवाला: ट्रॅक्टर शेतीच्या नावावर आहे का? मग भाड्याचं काम त्यावर नको. आणि ट्रेलरला स्वतंत्र नंबर लागतो, बाब.

डिचोलीकर: ट्रॅक्टर शेतीचाच, वडिलांच्या नावावर. म्हणजे आधी आरटीओ. ब्रेकर वेगळ्या खेपेला नेला तर?

फोंड्याचा फिटर: मशीन ३ टन, उरले १०० किलो. रॅम्पच खाईल ते.