मदत हवी आहे : जावा-येझदीच्या किक शाफ्टचा छोटा लॉट नाशकात कोण करून देईल?

मंडळी, जावा-येझदीसारख्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलींच्या पार्ट्सचा माझा छोटा धंदा आहे, नाशकातच द्वारका चौकाजवळ गाळा, बरंचसं कुरियरनेच जातं. जुनी टू-स्ट्रोक येझदी १९९६ ला बंद झाली, म्हणजे ओरिजिनल माल आता कुठं पडून असेल तेवढाच, आणि तो विकणारा सोन्याच्या भावात देतो.

खरी अडचण किक शाफ्टची, म्हणजे किकचा लिव्हर ज्यावर बसतो त्या दांड्याची. या गाडीत गियरचाच लिव्हर आत दाबून वर फिरवला की किक होतो, त्यामुळे सगळा मार शाफ्टच्या दात्यांवर येतो, ते झिजले की लिव्हर नुसता फिरतो. बाजारातला डुप्लिकेट दिसायला चकाचक, पण मऊ, कानशीने सहज घासला जातो, असला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायला मन होत नाही.

सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत विचारलं तर हजार नगांखाली कोणी बोलतच नाही, मला हवेत पन्नासेक. केस हार्डनिंगसकट पाहिजे, वरून कडक आतून चिवट, नाहीतर तुटायचा. सॅम्पल माझ्याकडे आहे.

कोणाच्या ओळखीत असा वर्कशॉपवाला आहे का? आणि ॲडव्हान्स किती द्यावा, तेही सांगा. सिन्नरचा असला तरी चालेल.