मदत हवी आहे: पशुवैद्यकीय विकृतिशास्त्रातून मेंदूच्या आजारांच्या संशोधनाकडे कसे वळावे?

नमस्कार. मी पशुवैद्यक असून विकृतिशास्त्रातील (पॅथॉलॉजीतील) माझे पदव्युत्तर शिक्षण संपत आले आहे. अल्झायमर, पार्किन्सन, एएलएस (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशींचा आजार) अशा, चेतापेशी हळूहळू नष्ट होत जाणाऱ्या आजारांवर प्राण्यांच्या अभ्यासातून संशोधन करायचे एवढे ठरले आहे. तिथे कोणत्या वाटेने पोहोचावे, हे मात्र ठरत नाही. या क्षेत्रात काम केलेल्या किंवा ते जवळून पाहिलेल्या सभासदांचे मार्गदर्शन हवे आहे.

जनावरांच्या डॉक्टरचा माणसाच्या मेंदूशी काय संबंध, असे मला वारंवार विचारले जाते, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगते. विल्यम हॅडलो या अमेरिकी पशुवैद्यकीय विकृतिशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये ‘लॅन्सेट’ला एक पत्र लिहिले. मेंढ्यांच्या स्क्रेपी या आजारातील मेंदू आणि न्यू गिनीतील फोरे लोकांच्या कुरू या आजारातील मेंदू यांच्या विकृतींत त्यांना विलक्षण साम्य दिसले होते. स्क्रेपी टोचून एका मेंढीतून दुसरीत नेता येतो हे ठाऊक असल्यामुळे, कुरूबाबतही वानरवर्गीय प्राण्यांवर तसाच प्रयोग करून दीर्घकाळ वाट पाहावी, असे त्यांनी सुचवले. कुरूचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक गायडुसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये चिंपांझींत कुरू संक्रमित झाल्याचे प्रसिद्ध केले आणि १९७६ च्या नोबेल पुरस्कारात गायडुसेक यांचा वाटा होता. हॅडलो यांचे नाव आमच्या शाखेबाहेर क्वचितच निघते, हे मला अन्यायाचे वाटते. पण तो वेगळा विषय आहे.

माझ्यासमोर दोन दिशा आहेत. पहिली जनुकबदल केलेल्या उंदरांची. मानवी एसओडी-१ जनुकाचे सदोष रूप धारण करणाऱ्या उंदराचे वर्णन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि एएलएसच्या संशोधनाचा मोठा भाग त्यावर उभा राहिला. अल्झायमरप्रमाणे मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन साचणारे उंदीरही त्याच दशकात आले. मात्र केवळ अमायलॉइडशी संबंधित उत्परिवर्तने असलेल्या उंदरांत टाऊ प्रथिनाच्या गाठी सहसा बनत नाहीत, त्यामुळे त्यांना अल्झायमरची पूर्ण प्रतिकृती म्हणता येत नाही. अशा प्रयोगशाळांत प्रशिक्षित विकृतिशास्त्रज्ञाची गरज किती असते, हे मला स्लाइड पाहताना उमगते. फॉर्मॅलिनमध्ये नीट स्थिर होण्याआधी मेंदू दाबला किंवा ओढला गेला, तर चेतापेशी आकसलेल्या व गडद दिसतात आणि अननुभवी डोळा त्यालाच ऱ्हास समजतो. सी३एच व एफव्हीबी या वंशांच्या उंदरांत दृष्टिपटलाचा ऱ्हास जन्मजात जनुकदोषामुळेच होतो. असा उंदीर स्मृतीच्या जलचाचणीत पाण्याखालचे मचाण शोधू शकला नाही, तर त्याची स्मृती गेली असा निष्कर्ष काढण्याआधी त्याला दिसते का, हे कुणीतरी विचारायला हवे.

दुसरी दिशा नैसर्गिकपणे आजारी पडणाऱ्या प्राण्यांची, आणि माझा ओढा तिकडे आहे. वयस्क कुत्र्यांत मागच्या पायांपासून सुरू होणाऱ्या डीजनरेटिव्ह मायलोपथीचा (मज्जारज्जूच्या ऱ्हासाचा) संबंध एसओडी-१ मधील उत्परिवर्तनाशी असल्याचे २००९ मध्ये दाखवले गेले, म्हणजे एएलएसशी नाते सांगणारा आजार घरोघरच्या कुत्र्यांत आपोआप होतो. बॅटन या बालपणीच्या आनुवंशिक मेंदूविकाराच्या सीएलएन-२ प्रकारावरील विकराचे (एन्झाइमचे) औषध २०१७ मध्ये मंजूर झाले. ते आधी त्याच जनुकात दोष असलेल्या डॅक्सहुंड कुत्र्यांवर अभ्यासले गेले होते. इथे रोगाचा काळ, मेंदूचा आकार, वार्धक्य हे सारे माणसाच्या अधिक जवळचे असते. परंतु प्राणी थोडे मिळतात, मेंदूचे नमुने मालकाच्या संमतीवर अवलंबून असतात आणि एका प्रकल्पाला कित्येक वर्षे लागू शकतात.

माझी खरी अडचण क्रमाची आहे. आधी सुमारे तीन वर्षांची रेसिडेन्सी (प्रत्यक्ष निदानकामातून मिळणारे प्रशिक्षण) करून एसीव्हीपी किंवा ईसीव्हीपी या पशुवैद्यकीय विकृतिशास्त्रज्ञांच्या अनुक्रमे अमेरिकी व युरोपीय संस्थांची परीक्षा द्यावी आणि मग पीएच.डी.ला बसावे, की थेट चेताविज्ञानाच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.ला रुजू व्हावे? रेसिडेन्सीत सर्व प्रजातींच्या सर्व अवयवांचे निदान शिकायला मिळते आणि वर सांगितलेली पारख त्यातूनच येते, असे मला वाटते; पण त्यानंतर बरेच जण औषधकंपन्यांच्या विषविज्ञानाकडे वळतात, कारण तिथे वेतन चांगले आणि नोकरी स्थिर असते, आणि संशोधन मागे पडते. उलट, रेसिडेन्सी न करता गेलेल्या विकृतिशास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत केवळ इतरांच्या प्रयोगांचे काप तपासून देणारा सहायक समजले जाते, की त्याला स्वतःचे प्रश्न मांडता येतात?

दोन्ही एकत्र करणारे कार्यक्रम कुणी पूर्ण केले असल्यास, रोजचे शवविच्छेदन सांभाळून प्रयोगासाठी वेळ कितपत मिळाला आणि मार्गदर्शक निवडताना कोणत्या गोष्टी आधीच लेखी ठरवून घ्याव्यात, हे कृपया सविस्तर सांगावे. तसेच इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रतिपिंडे वापरून ऊतीतील विशिष्ट प्रथिने रंगवून दाखवण्याचे तंत्र) मला येते, पण प्रतिमांचे संगणकीय मोजमाप व संख्याशास्त्र कच्चे आहे. अर्ज करण्यापूर्वी यांपैकी काय पक्के करावे?